आईने काय खाल्लं?

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईने बाळ झाल्यावर एकेक पदार्थ सोडायला सुरुवात केली, आणि त्याचं सगळं कौतुक तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आलं. दूध सोडलं तिने. "आम्ही दूध सोडलंय" असं ऑफिसभर सांगत फिरला तो. पुढे अंडी गेली, गहू गेला, सोयाबीन गेलं, बदाम-दाणे गेले. दर वेळी नवऱ्याने जेवणाच्या सुट्टीत आपला डबा चारचौघांना दिसेल असा उघडला. आत उकडलेला भात आणि भोपळा. बायकोच्या जोडीने हाही तेच खातो, बाळासाठी! ऑफिसातल्या बायकांचा ऊर भरून आला. एकीने तर तिथल्या तिथे फोन लावून स्वतःच्या नवऱ्याला चार शब्द सुनावले. ही सगळी हकिगत तो घरी येऊन मीठमसाला लावून सांगायचा. तेव्हापासून बायको त्याला मनातल्या मनात त्यागमूर्ती म्हणू लागली.

बाळ जेमतेम महिन्याचं असताना त्याच्या लंगोटात रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आईच्या खाण्यातलं काहीतरी दुधातून जातंय आणि बाळाला सोसत नाहीये. आईने पथ्य पाळायचं, दूध पाजत राहायचं. डॉक्टर त्यांच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येक बाईला आई म्हणत, म्हणजे नाव लक्षात ठेवायची कटकट नाही. दर भेटीत ते संगणकावरून मान न उचलता एकच प्रश्न विचारत, "आईने काय खाल्लं?" आणि तिने काहीही सांगितलं तरी त्यातलं एखादं कमी करायला लावत.

पथ्यात तिने तसूभर कसूर केली नाही. दुकानातलं भिंग घरी आणून पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. अंगठी बोटातून गळायला लागली, ती कपाटात ठेवून दिली. अर्धा दिवस दुकानात जायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलं नाक भलतंच तिखट झालंय. समोर डोळे तपासायला बसलेल्या माणसाने सकाळी काय खाल्लं, हे तिला लेन्स बदलता बदलता कळायचं. लोणी लावलेला ब्रेड खाऊन आलेल्या एका म्हाताऱ्याचे डोळे तिने उगाचच दोनदा तपासले.

ती दुकानात असताना बाळाला नणंद सांभाळायची. नणंदेचे हात मायेचे होते, जिभेला मात्र हाड नव्हतं. "आमच्या आईने काही सोडलं नव्हतं, आम्ही काय मेलो? तुझं दूधच जड आहे," असं ती बाळाला थोपटता थोपटता सहज म्हणून जायची. संध्याकाळी त्यागमूर्ती घरी आला की बाळाला छातीशी बांधून फिरायला न्यायचा. बायकोला तेवढीच विश्रांती. शेजारच्या बायका खिडकीतून हे दृश्य पाहायच्या आणि त्याला ते ठाऊक असायचं, कारण खिडक्यांखालून जाताना त्याची चाल जरा संथ व्हायची.

एवढं करूनही रेघा काही जाईनात. मग तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. बाळाला छातीशी घेताना आपण त्याला विष तर पाजत नाही ना, असं तिला वाटायचं. बाळ डोळे मिटून तृप्तपणे प्यायचं आणि ही त्याची मनोमन माफी मागायची. आपल्याच दुधाची लाज वाटायला लावणारे ते दिवस ती पुढे कधीच विसरली नाही.

मधेच एकदा नवरा ऑफिसच्या कामासाठी बरेच दिवस बाहेरगावी गेला. बाळाचा लंगोट हळूहळू स्वच्छ झाला. तिने नुकतंच फळांतलं शेवटचं फळही सोडलं होतं, तिला वाटलं त्याचाच गुण आला. फोनवर तिने हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बघ, आपल्या तपश्चर्येला फळ आलं." तो परत आला आणि आठवडा उलटायच्या आत रेघाही परत आल्या. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चोरून काही खाल्लंस का, असं नणंदेने उघड विचारलं, डॉक्टरांनी आडून विचारलं. शेवटी डॉक्टर म्हणाले की पुढच्या भेटीपर्यंत फरक पडला नाही तर अंगावरचं दूध बंद करू, डब्याची खास पावडर सुरू करू. घरी येताच तिने बाळाला पाजायला घेतलं. एवढं सोडलं होतं, आता हेही सोडायचं. तेवढं मात्र तिला सोडायचं नव्हतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. त्यागमूर्ती फिरून आला, झोपलेलं बाळ तिच्या हाती दिलं आणि खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. तिने कोमट पाण्यात फडकं पिळून बाळाचं तोंड पुसायला घेतलं. आणि त्या उपाशी नाकाला वास आला. लोणी, साखर, व्हॅनिला. तिने बाळाची हनुवटी हलकेच वर केली. गळ्याच्या घडीत, जिथे एरवी दुधाचा ओघळ सुकलेला असतो, तिथे पांढऱ्या क्रीमचा एक ठिपका चिकटलेला होता, आणि त्यात पिठीसाखर.

दुकानात गाडीच्या परवान्यासाठी येणारे काही बिलंदर लोक अक्षरांचा तक्ता रांगेत उभं राहूनच पाठ करतात. ती त्यांना शेवटची ओळ उलटी वाचायला सांगते. हा प्रयोग तिने घरी कधी केला नव्हता.

"कुठे गेला होतास?" तिने विचारलं.

"बागेपर्यंत. तिथून कोपऱ्यावरून परत." रोज हेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"आता परत येतानाचं सांग. बागेतून निघालास. आधी काय लागतं?"

"आधी चौक. मग औषधांचं दुकान."

"आणि चौक आणि औषधांच्या दुकानाच्या मधे?"

"मधे काही नाही."

मधे बेकरी होती. तिच्या काचेवरची सोनेरी अक्षरं त्यांच्या गॅलरीतून वाचता येत. तिने फडकं त्याच्या नाकाखाली धरलं.

मग निघालं ते सगळं एकदम निघालं. भात-भोपळ्यावर दिवस काढून संध्याकाळी त्याला चक्कर आल्यासारखं व्हायचं, म्हणून एक क्रीम रोल. बाळ किरकिर करायचं, म्हणून करंगळी क्रीममध्ये बुडवून त्याच्या तोंडात. बाळ इतकं खूश व्हायचं की बेकरीवालीसुद्धा कौतुकाने बघत राहायची. असं किती दिवस चाललंय, तिने विचारलं. रोज नाही, तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, रविवारी नाही.

"आणि ते रक्त?"

"त्याचा इथे काय संबंध?" तो खरोखर गोंधळला होता. "पथ्य तुझं आहे ना. तुझ्या दुधातून जातं, असं डॉक्टर म्हणाले. तू खाल्लं असतंस तर गोष्ट वेगळी. माझ्या बोटाने काय होतंय?"

हा माणूस विम्याच्या ऑफिसात लोकांच्या नुकसानीचे दावे तपासतो. आग कुठून लागली, पाणी कुठून झिरपलं, चूक कोणाची, हे शोधून काढायचा पगार घेतो. तो खोटं बोलत असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो मनापासून बोलत होता. बाळाच्या पोटात जे जातं ते आईकडूनच जातं, आणि आपण नामानिराळे, हे त्याला इतकं स्वच्छ पटलेलं होतं की स्वतःची करंगळी त्याला कधी दिसलीच नव्हती. तिला वाटलं होतं आपण किंचाळू. पण राग यायलाही समोरचा माणूस निदान आपल्या उंचीचा लागतो. तिने फडकं धुऊन दोरीवर टाकलं.

ठरलेल्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. टेबलावर पावडरचा डबा आधीच काढून ठेवलेला होता. डॉक्टरांनी मान न उचलता विचारलं, "आईने काय खाल्लं?"

"आईचं मागच्या वेळी सांगितलं तेच. बाबांना विचारा."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यागमूर्ती आपल्या बुटांकडे बघत "क्रीम रोल" म्हणाला, आणि मग पुष्कळ खोदून विचारल्यावर करंगळीपर्यंत पोचला. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि हे आपल्याला कोणी सांगितलं नाही, अशी तक्रार केली.

"तुम्ही कोणाला विचारलं नाहीत," ती म्हणाली.

डबा टेबलावरून कपाटात गेला. बोट बंद, दूध चालू, असं ठरलं. लंगोट स्वच्छ राहिला तर सोडलेले पदार्थ एकेक करून परत घ्यायचे, पहिलं अंडं. खोलीतून बाहेर पडताच बाकावर बसून तिने बाळाला पाजायला घेतलं आणि या वेळी कोणाचीही माफी मागितली नाही.

लंगोट स्वच्छ झाला आणि स्वच्छच राहिला. त्यागमूर्तीच्या ऑफिसातली एक बाई दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आली, ती म्हणाली, "बाळाच्या दुखण्याचं कारण तुमच्या मिस्टरांनीच शोधून काढलं म्हणे. नशीब काढलंत." तिने त्या बाईच्या डोळ्यांपुढे लेन्स लावली आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली.

त्या संध्याकाळी तिने अंडं उकडलं, सोललं, मधोमध कापलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पहिला अर्धा भाग तोंडात घातला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर नवरा बाळाला घेऊन उभा होता. बाळ किरकिरलं. त्याची करंगळी सवयीने पुढे झाली.

"बोट," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. बाळाने सूर चढवला.

"मग याला गप्प कसं करू?" त्याने विचारलं.

बाळाला काही दुखत नव्हतं, ते नुसतं कंटाळलं होतं. त्या रडण्यातला फरक तिला बसल्या जागी ऐकू येत होता. त्याला तो शिकायचा होता, आणि त्यासाठी अख्खी संध्याकाळ मोकळी होती. तिने उरलेल्या अर्ध्यावर मीठ टाकलं आणि ते सावकाश खाऊन संपवलं.