पटावरची पाच नावं

"साहेब बुधवारी शाळा तपासायला येतायत," महिपत अंगणाच्या कडेलाच उभा राहून म्हणाला. आत ये म्हटलं तरी आला नाही. "दिवाळी अंकातला तुझा लेख वाचलाय म्हणे त्यांनी."

भाट्याच्या खाडीपलीकडे, वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर आमची वाडी. शाळा एका खोलीची, जांभ्याची. साठेक वर्षांपूर्वी त्याच खोलीत मास्तरांनी मला पाटी दिली आणि म्हणाले, "आज काय पाहिलंस ते लिही." मी लिहिलं, 'कावळा माझ्या भाकरीकडे बघत होता.' मास्तरांनी ते सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या घरात तोवर कुणी अक्षर गिरवलं नव्हतं. पुढे कारकुनी करता करता मी दोन पुस्तकं लिहिली. ती बरी आहेत की नाहीत, कोण जाणे. पण जे काही लिहिलं ते त्या कावळ्यापासून सुरू झालं.

म्हणून यंदा शाळेवर लेख लिहिला. त्यात होतं, 'आज तिथे तीनच मुलं बसतात, पण बाई तीनशेंना शिकवावं तशा शिकवतात.' चार वेळा खोडून ते वाक्य मनासारखं झालं होतं.

पटावर नावं मात्र पाच. महिपतची नातवंडं, विनीत आणि श्रुती, विरारला राहतात. गणपतीला, शिमग्याला आली की दोन दिवस वर्गात बसतात. पट आणखी घसरला तर शाळा खालच्या मोठ्या शाळेत मिळवू, असं कार्यालयाने बजावलं होतं. म्हणून वाडीने ती दोन नावं ठेवलेली. मलाही ठाऊक होतं. वाक्य जुळवताना आठवलं नाही.

बुधवारी वारा पडला होता. पांढरी गाडी सड्यावरून येताना फार लांबून दिसली. थोड्या वेळाने मला शाळेत बोलावणं आलं.

दारात चंपा उभी होती, त्या तिघांतल्या आम्रपालीची आई. हळूच म्हणाली, "आबा, खालच्या शाळेची वाट पऱ्याच्या पाण्यातून जाते. पावसात पोर धाडणार नाय मी. ही शाळा गेली तर ती घरीच. तुमीच कायतरी सांगा आता."

आत तिन्ही मुलं पाट्यांवर वाकली होती. माझा लेख वाचल्यापासून ज्ञानेश्वरी बाई रोज त्यांना आज काय पाहिलं ते लिहायला लावत. माझ्याशी मात्र त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

"दोघं तापाने झोपलीयत, सर," बाई साहेबांना सांगत होत्या.

साहेब मला बघून उठलेच. "या, या! काय सुंदर लिहिलंय हो. बायकोलाही वाचायला दिलं." टेबलावर अंक होता. माझ्या वाक्याखाली लाल रेघ. "फक्त एक विचारायचं होतं. ही तीन मुलं, खरंच तीन?"

बाईंनी खाली बघितलं.

"लेखक मंडळी वाढवून लिहितात, साहेब," मी म्हणालो. "मी कमी करून लिहिलं. मुलं पाच आहेत. रोज बघतो मी."

साहेब हसले. "वाटलंच मला. तुमचा शब्द म्हटल्यावर प्रश्नच मिटला." त्यांनी हजेरीपट मिटला. दारात चंपाने पदर तोंडाला लावला.

जाता जाता साहेब आम्रपालीजवळ वाकले. "तू काय लिहिलंस, बघू?"

बाई पुढे झाल्या, पण पाटी साहेबांच्या हातात गेली होती. अक्षर टपोरं होतं. साहेबांनी ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं, "आज आबा साहेबांशी खोटं बोलले."

आम्रपाली माझ्याकडे बघत होती, शाबासकीसाठी, पाटीवर कावळा लिहून मी मास्तरांकडे बघितलं होतं तशी. वाक्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी हजेरीपट पुन्हा उघडला आणि पेनाचं टोपण काढलं.