चेर्स्तवी: एका तीरावर ताजा, दुसऱ्यावर शिळा

मी एक शब्द आहे. नाव चेर्स्तवी. चेक लोक मला 'ताजा' म्हणून ओळखतात आणि पोलिश लोक 'शिळा' म्हणून. उच्चार तोच, पण नदीवरचा पूल ओलांडला की माझी अब्रू जाते.

माझा जन्म कधीचा, ते मलाही आठवत नाही. चेक आणि पोलिश या सख्ख्या बहिणी. आईचं घर वाटून घेताना दोघींनीही मला नेलं, एवढं खरं. एकीनं गरम पावाशेजारी बसवलं, दुसरीनं कोंबड्यांना टाकायच्या तुकड्यांत.

आमच्या तेशीन गावाच्या मधून ओल्झा नदी वाहते. अलीकडे चेक, पलीकडे पोलिश. इथल्या जुन्या माणसांना माझे दोन्ही चेहरे ठाऊक आहेत. घोळ घालतात ते बाहेरून आलेले.

व्लास्तिमिल हा म्हातारा पाववाला असाच दूरच्या प्ल्झेनहून आला. पुलाच्या तोंडाशी बेकरी थाटली आणि दारावर मला रंगवलं : 'रोज चेर्स्तवी पाव.' पलीकडून येणारे नवखे पोलिश पाटी वाचत, पोट धरून हसत आणि पुढे जात. बिचाऱ्याला वाटे, आपल्या टोपीतच काहीतरी खोट आहे. तो टोप्या बदलून बघे.

एका शनिवारी सकाळी बोगुमिवा नावाची पोलिश बाई पलीकडून धावत आली. लेकीकडे राहायला ती नुकतीच समुद्राकाठच्या ग्दान्स्कहून आली होती. दुपारी लेकीचं लग्न. नवरा-नवरी दारात आली की पाव आणि मीठ देऊन त्यांचं स्वागत करायचं, ही त्यांची रीत. नेमकी तिच्या पाववाल्याची भट्टी बंद पडलेली.

पाटी वाचून तिनं नाक मुरडलं, पण आत शिरली.

"अहो, लेकीचं लग्न आहे. तेवढा चेर्स्तवी पाव देऊ नका हं."

बाकी सगळं दोघांना एकमेकांचं कळत होतं. घात फक्त मी करत होतो.

"चेर्स्तवी नको? लग्नाला?"

"लग्नाला म्हणूनच नको!"

व्लास्तिमिल डोकं खाजवत आत गेला. भिजवून त्याचे गोळे उकडायला म्हणून बाजूला ठेवलेला, वीट झालेला पाव घेऊन आला. बोगुमिवानं तो टेबलावर आपटला. टेबल हादरलं, पाव नाही.

"याहून चेर्स्तवी काय असणार?"

"शपथ घेऊन सांगतो बाई, हा जराही चेर्स्तवी नाही! आठवडाभर पडलाय!"

"आणि वर तोंड करून सांगताय?"

"तुम्हीच मागितलात! कसली आई हो तुम्ही? लेकीच्या लग्नात असला दगड ठेवणार?"

हे मात्र तिला लागलं. डोळे भरून आले. ती पर्स उचलून निघाली. मला हात असते तर मी स्वतःचेच कान उपटले असते.

तिचं रडणं पाहून म्हातारा विरघळला. त्यानं भट्टीतून नुकताच काढलेला पाव मोडून अर्धा तिच्यापुढे धरला. "निदान हा खाऊन जा. सकाळपासून उपाशी दिसताय."

वाफ तिच्या चष्म्यावर आली. तिनं घास घेतला.

"हा कुठला?"

"हाच की चेर्स्तवी."

"मग तो?" तिनं विटेकडे बोट केलं.

"तो जुना."

बोगुमिवा खुर्चीत बसली आणि इतकी हसली की त्याला पाणी आणावं लागलं. तिनं सगळं सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे मी दारावर 'शिळा पाव' लिहून बसलोय?"

"नुसता शिळा नाही, रोज शिळा!"

सगळ्यात मोठा पाव फडक्यात गुंडाळून तो स्वतः पूल ओलांडून गेला. पाव-मीठ झालं, जेवणं झाली, नाच सुरू झाला. व्लास्तिमिल असा नाचला की वाजवणारे दमले. बोगुमिवा पाहुण्यांना ओरडून म्हणाली, "बघा, या वयातही म्हातारा किती चेर्स्तवी आहे!"

मला धडकीच भरली. पण पोलिश माणसाची गंमत बघा, पावाला लावला तर मी शिळा, आणि म्हाताऱ्याला लावला तर ठणठणीत! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. व्लास्तिमिलनं आपल्या भाषेत 'ताजा' ऐकलं आणि लाजून कॉलर नीट केली. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही तीरांवर मी एकाच वेळी चांगला ठरलो.

आता पाटीवर माझ्याखाली 'ताजा'साठीचा पोलिश शब्दही आहे. आमचं पटत नाही, पण गिऱ्हाईक वाढलंय. तुम्हाला एवढंच सांगतो, माझ्यासारखा कुणी भेटला तर लगेच रागावू नका. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नंतर बघा, आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा.