चौथ्या चौकटीतलं 'बरं'

वर्गात मला 'रेडिओ' म्हणतात आणि यंदापासून मला त्याचा राग येत नाही. मागच्या वर्षीपर्यंत फळ्यासमोर उभी राहिले की माझी जीभ टाळूला चिकटायची. मग एकदा बाई यायच्या आधी मी त्यांच्याच आवाजात "कोण बोलतंय ते मला दिसतंय हं!" म्हटलं आणि अख्खा वर्ग खरोखर गप्प बसला. बाई दारातच उभ्या होत्या. त्यासुद्धा हसल्या! तेव्हापासून मी सगळ्यांचे आवाज काढते, आणि माझे कान फार तयार आहेत असा माझा समज आहे. म्हणजे होता. घरातल्या घरात तो सपाटून आपटला.

माझी आई पडदे शिवते. दुकानाचे नाही, लोकांच्या घरचे. माप घेण्यापासून कड्या लावण्यापर्यंत सगळं एकटी. आठ वर्षांपासून तिला संधिवात आहे. सकाळी तिची बोटं सुजलेली असतात आणि मूठ मिटत नाही. गेली दोन वर्षं तिचं मनही बसलंय. ती रडत नाही, ओरडत नाही. नुसती विझल्यासारखी होते. मशीनसमोर बसते आणि पायाखालची पट्टी दाबायलाच विसरते.

म्हणून तिला मोठ्या दवाखान्यातल्या एका संशोधनात घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे: दोन टेबलं, एक वजनकाटा आणि छतापर्यंत फायली. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "दुखणं मनाला खातं, की मनच दुखण्याला खतपाणी घालतं, हे आम्हाला शोधायचंय." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दिवसभर त्यांच्याच आवाजात म्हणत होते.

संशोधनाचा पहिला भाग बारा आठवड्यांचा. रोज संध्याकाळी एक कागद भरायचा. सकाळी किती सांधे सुजले होते? मूठ मिटायला किती मिनिटं लागली? आणि तिसरा प्रश्न: आज मनाला कसं वाटलं? त्याच्यापुढे पाच चौकटी होत्या. फार वाईट, वाईट, मध्यम, बरं, छान. बारा आठवड्यांनंतर ज्यांचं मन अजून खाली असेल, त्यांना दुसऱ्या भागात घेणार होते. त्यात दर गुरुवारी समुपदेशकबाईंबरोबर आठ जणांचा गट बसणार होता आणि औषधांवरही नव्याने विचार होणार होता. आई कॅलेंडरवरचे गुरुवार मोजायची. मी बघितलंय.

पेन धरलं की तिची बोटं दुखतात आणि बाबा ट्रक घेऊन आठवड्यातले चार दिवस बाहेर असतात. त्यामुळे ती सांगायची आणि मी लिहायची. खाली 'लिहिणाऱ्याची सही' म्हणून जागा होती, तिथे मी झोकात सही ठोकायची. कागद वाटणाऱ्या ताईंना आम्ही फॉर्मताई म्हणतो. त्यांनी मला बजावलं होतं, "त्या म्हणतील तेच लिहायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

मी चौऱ्याऐंशी दिवस एकदाही डोकं लावलं नाही. या बाबतीत माझा हात कुणी धरू शकणार नाही.

बारा आठवडे संपले आणि पत्र आलं. 'आपल्या नोंदींवरून आपल्या मनःस्थितीत चांगली सुधारणा दिसते. अभिनंदन. दुसऱ्या भागासाठी आपली आवश्यकता नाही. सहभागाबद्दल आभार.' मी ते मोठ्याने वाचलं, वर टाळ्याही वाजवल्या.

आईने पत्र घेतलं, चार घड्या केल्या आणि मशीनच्या खणात ठेवलं.

"ब...रं," ती म्हणाली.

हे कागदावर लिहिता येत नाही, म्हणून नीट सांगते. 'ब' नंतर ती थांबली, श्वास सोडला, आणि 'रं' त्या श्वासाबरोबर खाली पडला, हातातून रीळ पडावं तसा. मग ती मशीनसमोर बसली. सुईत दोरा होता, सुईखाली कापड होतं, आणि अर्धा तास मशीनचा आवाज नाही.

हे 'ब...रं' मी आधी ऐकलं होतं. कितीतरी वेळा. आणि दरवेळी मी चौथ्या चौकटीत टिक केली होती.

आमच्याकडे प्रत्येक कागदाची दुसरी प्रत होती. मी गठ्ठा काढला आणि जमिनीवर पसरून बसले. तिसरा आठवडा, मंगळवार: मूठ मिटायला दहा मिनिटं, मन 'बरं'. पाचवा आठवडा, शनिवार: नव्वद मिनिटं, सात सांधे सुजलेले, मन 'बरं'. त्या शनिवारी ती जेवली नव्हती, मला आठवत होतं. तरी 'बरं'. चौऱ्याऐंशीपैकी एकोणऐंशी कागदांवर 'बरं', आणि सगळ्यांखाली माझी झोकदार सही. कानांची हुशारी मिरवणारी मी! आईने 'बरं' म्हटलं की काय म्हटलं, हे या जगात मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गठ्ठा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. आईला सांगितलं नाही. ती माझी दुसरी चूक, पण तिचं नंतर.

"एकटीच?" फॉर्मताईंनी विचारलं. "आई बऱ्या आहेत ना?"

"तेच तर भांडण आहे!" मी म्हटलं. "कागद चुकलेत. मी चुकवलेत. मला मोठ्या डॉक्टरबाईंना भेटायचंय."

डॉक्टरबाई डोक्यावर चढवलेला चष्मा टेबलावर शोधत होत्या. मी घडाघडा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण आई 'बरं' म्हणाल्या आणि तू 'बरं' लिहिलंस. मग चुकलं काय?"

"मॅडम, पाच मिनिटं द्या. एक कोरा कागद घ्या. मी आईच्या आवाजात बोलते, तुम्ही टिक करा. मी पाठ करून उभी राहते, म्हणजे तोंड बघून ठरवलं असं नको."

फॉर्मताईंनी तोंडाला रुमाल लावला. मी भिंतीकडे तोंड केलं.

पहिलं, पडदा मनासारखा बसला की येतं ते: "बरंय की!"

दुसरं, नुसतं सपाट: "बरं आहे."

तिसरं, भराभरा: "बरं बरं बरं."

चौथं, वरच्या पट्टीत आणि भांडं आपटून: "बरं हं!"

मग पाचवं. "ब...रं."

मी वळले. डॉक्टरबाईंनी पहिल्याला 'छान'वर टिक केली होती, दुसऱ्याला 'मध्यम'वर. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, 'हे उत्तर नाही, विषय बदलणं आहे.' चौथ्यापुढे, 'राग, पण माझ्यावर नाही.' पाचव्याला पेन पहिल्या चौकटीवर टेकवलेलं होतं. फार वाईट.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मॅडम, हे कुठल्या चौकटीत घालू?" फॉर्मताईंनी विचारलं आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

मला वाटलं, झालं, जिंकले! मी गठ्ठा पुढे सरकवला. "आता हे दुरुस्त करूया. मला बहुतेक दिवस आठवतात."

डॉक्टरबाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "नाही. जुना कागद बदलायचा नाही."

"पण तो खोटा आहे!"

"असेल. आज तुझ्या आईसाठी मी एक टिक हलवली, तर उद्या कुणाच्याही सोयीसाठी हलवता येईल. मग त्या फायलींना रद्दीत तरी कोण घेईल? शंका आहे असा शेरा मी मारीन. पण टिक तिथेच राहील." माझा चेहरा पडलेला बघून त्या थोड्या मऊ झाल्या. "नियमात एक वाट आहे. नोंदीबद्दल शंका आली तर मी स्वतः रुग्णाशी बोलू शकते. उद्या सकाळपर्यंत, कारण दुपारी यादी बंद होते. फक्त त्यांच्याशी. तू बाहेर. आणि तेव्हाही त्या 'बरं' म्हणाल्या, तर मी 'बरं' लिहीन."

म्हणजे सगळं आईच्याच तोंडावर आलं. आणि आईचं तोंड मला माहीत होतं.

घरी येऊन सांगितलं, तर तिने कात्री खाली ठेवली. "माझ्या मनाचा तमाशा करून आलीस? तिसऱ्या मजल्यावर? सोंगासकट?"

"आई, मी बारा आठवडे तुझं चुकीचं लिहिलं."

"तू बरोबर लिहिलंस. मी चुकीचं सांगितलं."

"का पण?"

तिने कापडाची घडी उलगडली, परत घातली. "समोर कागद घेऊन कोण बसायचं? मी 'फार वाईट' म्हटलं असतं, तर ते तुझ्या हाताने लिहावं लागलं असतं. रोज. लिहिताना तुझं तोंड कसं झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं. आता वर्गात बोलायला लागलीस, हसायला लागलीस. त्यात माझं रडगाणं कुठे घालू?"

रेडिओ बंद. मी तिच्या पायाशी बसले आणि चिंध्या गोळा करत राहिले. ती उद्या येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही.

सकाळी उठले तर आई तयार! इस्त्रीचे कपडे, वेणी घातलेली. सुजल्या बोटांनी ती वेणी घालायला तिला किती वेळ लागला असेल, कोण जाणे.

"बघतेस काय? घोळ तू घालायचा, निस्तरायचा मी. चल, शाळेला एक तास उशिरा गेलीस तर आभाळ कोसळणार नाही."

ती आत गेली आणि दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर. आतून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त सूर. मी कान लावला असता, खोटं कशाला बोलू, पण फॉर्मताई समोरच बसून माझ्यावर डोळा ठेवून होत्या. पहिली काही मिनिटं डॉक्टरबाईंचाच आवाज. मग खूप वेळ काहीच नाही. आता तो एक शब्द येणार आणि सगळं संपणार. मग आईचा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. मध्ये तो चिरला, परत सावरला, परत सुरू. चाळीस मिनिटं! आठ वर्षांत आई सलग चाळीस मिनिटं स्वतःबद्दल बोललेली मी ऐकली नव्हती.

दार उघडलं. आईचे डोळे लाल होते आणि मान ताठ. मागून डॉक्टरबाई आल्या. "फॉर्मताई, यांचं नाव दुसऱ्या भागाच्या यादीत. येत्या गुरुवारपासून." हो, त्यासुद्धा त्यांना फॉर्मताईच म्हणाल्या! "आणि ज्यांचे कागद घरच्या माणसाने लिहिलेत, अशा सगळ्या फायली वेगळ्या काढा. तपासणारच आहोत. घरचं माणूस कागद घेऊन बसलं की लोक त्यालाच सांभाळत बसतात. हे आमच्या डोक्यात यायला हवं होतं. ते यांनी सांगितलं."

"मी आपलं बोलता बोलता म्हटलं," आई म्हणाली.

"बोलता बोलताच सापडतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तिसऱ्या प्रश्नाचे शब्द बदलायला समितीची परवानगी लागेल, वेळ जाईल. नवे शब्द ठरले की मोठ्याने वाचून दाखवायला कुणीतरी लागेल. येशील?"

मी इतक्या जोरात हो म्हटलं की वजनकाट्यावर उभे असलेले आजोबा दचकले.

खाली बसस्टॉपवर मी आईला विचारलं, "आत काय काय सांगितलंस?"

"ते माझं आणि त्यांचं."

"एक शब्द तरी?"

"पहिलंच वाक्य सांगते. 'मला बरं नाही' म्हटलं. तेवढ्यालाच पाच मिनिटं लागली." ती हसली. "पाच मिनिटांत पडद्याची एक कड शिवून होते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या सगळ्यात खडूस गिऱ्हाईकबाई. कडा अर्धा बोटभर वरखाली झाल्या तर पडदा परत पाठवणाऱ्या. आईने फोन स्पीकरवर टाकला, कारण तो कानाशी धरून तिचं मनगट भरून येतं.

"काय हो, आज देणार होतात ना पडदे? आहे ना सगळं बरं?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. "नाही हो. बरं नाही. हात सुजलेत आणि मनही ठिकाणावर नाही. उपचार चालू आहेत. गुरुवारी मी कामाला हात लावणार नाही, शुक्रवारी या."

गिऱ्हाईक गेलं, मला वाटलं.

"अगंबाई," त्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजच वेगळा झाला. "कुणाकडे चालू आहेत हो? म्हणजे माझंही... गुडघे तर आहेतच. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही. घरात कुणाला सांगायचं?"

"मला सांगा ना," आई म्हणाली आणि बाकावर टेकली.

आमची बस आली. आईने हातानेच 'जाऊ दे' अशी खूण केली. बस गेली. दुसरी आली, तीही गेली. माझा शाळेचा दुसरा तासही बुडाला. आई पुढे वाकून ऐकत होती, मध्येच पत्ता सांगत होती, "तिसरा मजला, हो, लिफ्ट आहे," आणि मी तिच्या शेजारी अशा ऐटीत उभी होते, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, ही बाई कुणीतरी मोठी असणार आणि ही पोरगी तिची.