निर्मनुष्य गावातली नऊ माणसं

रोक्कामुतात घरं एकशे चौदा आणि माणसं नऊ. त्यामुळे जागेची टंचाई नव्हती. बाकी सगळ्याची होती.

सरपंच एर्मेते ब्याऐंशीचा. डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्याच्या मोटारीत कोंबड्या अंडी घालत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो मांडीवर डबा घेऊन बसने दरीत उतरे. तिथल्या वृद्धाश्रमात त्याची बायको नुन्झिया होती. अर्धांगवायू झाल्यापासून ती दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड फिरवी. नवऱ्याच्या हातून मात्र वाटीभर खाई. आठवड्यातल्या त्या दोन वाट्यांवर बाई तगून होती.

आणि आता नऊ माणसांसाठी बस परवडत नाही, असं वाहतूक कचेरीने कळवलं.

"पर्यटनस्थळ असतं तर गोष्ट वेगळी होती," साहेब फोनवर म्हणाला.

त्याच सुमारास रोमची एक सहल कंपनी हॅलोविनसाठी भुताटकीचं गाव शोधत होती. शेवटी निवड दोन गावांत आली. शेजारच्या कास्तेलव्हेन्तोत पडका किल्ला होता, शिवाय मुंडकं नसलेला सरदार. रोक्कामुतात काहीच नव्हतं. एर्मेतेने अर्जात तेच ठळक अक्षरांत लिहिलं : 'येथे कोणीही राहत नाही.'

"आणि आम्ही कोण रे?" असुंतामावशीने विचारलं. मावशी नव्वदीची. गावात तिच्या शब्दाला फार मान, कारण तिचं दार टाळून जाणारी दुसरी गल्ली नव्हती.

"कंपनीची बाई पाहणीला येतेय. एक तास कुणी नाही व्हायचं, एवढंच."

"मेल्या, वर गेल्यावर तेच करायचंय. इथे कशाला सराव?"

"मावशी, पाया पडतो. बस गेली तर नुन्झिया जाईल."

मावशी उठली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली.

पाहणीच्या दिवशी खिडक्यांतल्या कुंड्या आत गेल्या, चुली विझल्या, आणि नऊच्या नऊ माणसं चौकातल्या घराखालच्या दारूच्या तळघरात दाटीवाटीने उभी राहिली. वर टाचांचा आवाज फिरत होता. थांबे, पुन्हा फिरे. एर्मेते श्वास रोखून मनात मंगळवार-शुक्रवार, मंगळवार-शुक्रवार असा जप करत होता.

टाचा त्याच घराच्या दाराशी आल्या. बेनेदेत्ता नावाची ही बाई रोमची असली, तरी कुणा आजीने तिला वळण लावलेलं असावं. रिकाम्या घराच्या उंबरठ्यावरही तिने सवयीने विचारलं, "येऊ का?"

आता, या डोंगरात कुणी दारात येऊन 'येऊ का' म्हणालं आणि आतून उत्तर आलं नाही, असं कधी झालेलं नाही. जमिनीखालून नऊ तोंडं एका दमात म्हणाली, "या, या!"

एक किंकाळी, धावत्या टाचा, मोटार. मग काहीच नाही.

"सगळ्यात मोठा आवाज तुझाच होता," मावशी म्हणाली. एर्मेते पिंपावर डोकं टेकून रडत होता, म्हणून पुढचं तिने गिळलं.

पण आठवड्याने पत्र आलं. रोक्कामुता पहिलं! 'अशी अस्सल जागा आम्ही पाहिली नव्हती.' अट एकच, आवाज तोच हवा. मावशीने बाटली फोडली. दुसऱ्या दिवशी वाहतूक कचेरीचं पत्र आलं : सहल कंपनीच्या यादीनुसार गाव निर्मनुष्य आहे. सबब बस बंद.

"साहेब, आम्ही आहोत!" एर्मेते फोनवर ओरडला.

"अर्जावर तुमचीच सही आहे, सरपंच."

मंगळवार गेला. शुक्रवार गेला. पुन्हा मंगळवार गेला. नर्सचा फोन आला : आजी आता पाण्यालाही तोंड उघडत नाहीत.

हॅलोविनला, एकतीस ऑक्टोबरला, दिवे लागायच्या वेळी रोमची बस चौकात आली. चाळीस पाहुणे उतरले, भोपळ्यांचे मुखवटे सावरत त्याच घराच्या दाराशी जमले. बेनेदेत्ताने आवाज बारीक करून विचारलं, "येऊ का?"

तळघरात आठच जण होते. "या, या!" आलं. तेवढं पुरलं. चाळीस जण आनंदाने किंचाळले.

नववा बसमध्ये पहिल्याच आसनावर बसला होता, मांडीवर डबा.

"उतरा, आजोबा," चालक साबिनो म्हणाला. "ही कंपनीची बस आहे. त्यांना न्यायला नऊला परत यायचंय मला. तोवर खाली जाऊन जेवतो."

"मग खालीच सोड की मला."

"यादीत नाव आहे?"

"बाळा, आमचं गाव कागदावर मेलंय. मेलेल्याचं नाव कसल्या यादीत शोधतोस?"

साबिनोने आरशात त्याचा चेहरा पाहिला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि गाडी सुरू केली.

वृद्धाश्रमात दिवे मंद होते. एर्मेतेने डब्यातला घेवडा चमच्याने ठेचला, फुंकर घातली आणि चमचा पुढे धरला. नुन्झियाने डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली.

"उशीर झाला," ती अडखळत म्हणाली. मग तोंड उघडलं.

वाटी संपायला पाऊण तास लागला. त्याने तिची हनुवटी पुसली.

"मंगळवारी?" तिने विचारलं.

"मंगळवारी," एर्मेते म्हणाला. साबिनोची बस केव्हाच वर गेली होती. दरीतून वर गावाकडे बावीस किलोमीटरचा चढ होता, आणि मंगळवारला चार दिवस.