तिसरं पॅनेल

"काका, तुम्ही असं डोक्यावर उभं राहून बघत राहिलात ना, की माझा हात चुकतो," चांगदेव म्हणाला. त्याच्या ओठांत दोन स्क्रू होते, त्यामुळे शब्द अर्धेच बाहेर आले.

"चुकू दे. फ्यूज किती अँपिअरचा हाय, तेवढा सांग."

"पाचचा."

"आन तीन पॅनेलं मिळून किती?"

चांगदेवने स्क्रू हातात काढून घेतले. कल्याणच्या ज्या दुकानातून ही सोलर पॅनेलं घेतली होती, तिथला तो मेकॅनिक. राहणारा कोन गावचा, डिप्लोमा झालेला. सकाळी सात वाजता मोटरसायकलवर दोन नवी पॅनेलं पोत्यात बांधून तो अंजूरला आला होता. आठ वर्षांपूर्वीचं जुनं पॅनेल स्लॅबवर लोखंडी स्टँडवर होतं. त्याच्या बाजूला नवं एक बसवून झालं होतं, दुसरं भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"जुन्याचे दोन," सावळाराम स्वतःच म्हणाला, "नव्याचे सव्वादोन-सव्वादोन. साडेसहा झाले. चार्जिंगची पेटी पाचची."

"एवढंच ना?" चांगदेवने पिशवीतून तांब्याच्या तारेचा तुकडा काढला. "फ्यूजच्या जागी ही घालतो. अख्ख्या भिवंडीचे लूम असेच चाललेत. एका कारखान्यात तर मी फ्यूजमध्ये खिळा बघितलाय. तीन इंची!"

"लूम जळला तर शेठ दुसरा लूम आनतो. ही पेटी जळली तर..."

 स्लॅबखालीच त्याच्या बायकोची, राहीबाईची, खाट होती. खालून सक्शन मशीनची घरघर ऐकू आली. मिनिटभर चालून ती थांबली. सावळारामने घड्याळ पाहिलं. साडेआठ. गेल्या वेळेपासून दीड तास झाला होता.

राहीबाई मंगळवारी घरी आली होती. मुंबईच्या इस्पितळात त्रेचाळीस दिवस काढून, गळ्यात भोक आणि भोकात नळी घेऊन. पस्तीस वर्षांच्या मशेरीने तिचा आवाज खाल्ला होता. उरलेलं डॉक्टरांनी काढून टाकलं. आता ती श्वास नळीतून घेई. नळीत कफ साठला की मशीनने ओढून काढायचा. कधी दोन तासांनी, कधी अर्ध्या तासानेच. मशीन लाइटवर चालायचं. आणि गावची लाइन लूमच्या लाइनवरच असल्यामुळे दर शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला लाइट जाई ती संध्याकाळी सहाला येई.

आज शुक्रवार होता. ती आल्यानंतरचा पहिला.

उपकेंद्राच्या नीला सिस्टर बारा वाजता येणार होत्या. लाइट नसताना मशीन चालतं की नाही हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. चाललं नाही, तर चिठ्ठी लिहून राहीबाईला परत वॉर्डात पाठवायचं, असं इस्पितळाच्या कागदावरच होतं. वॉर्डात तिच्या डाव्या-उजव्या दोन्ही खाटा तिच्यादेखत रिकाम्या झाल्या होत्या. निघताना तिने सावळारामचं मनगट धरलं होतं आणि दुसरा हात वॉर्डाच्या दाराकडे करून नुसता हलवला होता. नाही. पुन्हा नाही.

"दुसरी पेटी आन," सावळाराम म्हणाला. "नव्या पॅनेलांना वेगळी."

"आज? दुकानात शिल्लक नाही काका. सोमवारी आणतो."

"मग आज एकच जोड. दोन आन सव्वादोन, सव्वाचार. पाचच्या आत."

"आणि हे तिसरं काय नुसतं ऊन खायला ठेवायचं?"

"ठेव."

चांगदेवने तार पिशवीत टाकली. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक भेटलं ना, तर आम्ही धंदा बंद करून कॉलेजात शिकवायला जाऊ."

सावळाराम हसला नाही. तो कॉलेजातच होता, गेली सव्वीस वर्षं. शिकवायला नव्हे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी गडी. 'सावळाराम, मीटर. सावळाराम, बॅटरी.' मुलं आली की मांडायचं, गेली की पुसून झाकून ठेवायचं. किती मुलांनी किती मीटर जाळले याचा हिशेब प्राध्यापकांना नव्हता, त्याला होता. तो स्वतः दोनदा मॅट्रिक नापास होता.

चांगदेव गेल्यावर त्याने मीटर लावला. नऊच्या कोवळ्या उन्हातही दोन्ही पॅनेलं मिळून अडीच अँपिअर येत होते. दुपारी चार येतील. बॅटरी मात्र उतरलेली होती. मंगळवारपासून लाइट गेली की मशीन तिच्यावरच चालत होतं, आणि इन्व्हर्टर असा, की बॅटरीतून घेणार. बॅटरी भरायची सोय त्यात नव्हती. दहा ते बारा ऊन मिळालं तर भागेल, असं त्याने ठरवलं आणि तो खाली आला.

दहाला पंखा थांबला.

शुक्रवारची शांतता सावळारामला कधी एवढी जाणवली नव्हती. गावाच्या कडेपर्यंत आलेल्या लूमच्या शेडमधली खटखट बंद होती. एरवी त्या खटखटीत माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. आज राहीबाईच्या नळीतला प्रत्येक श्वास ऐकू येत होता. आत जाताना शीळ, बाहेर येताना शीळ. अकरानंतर त्या शिळेत खरखर मिसळू लागली.

"लावू?" त्याने विचारलं.

राहीबाईने बोटाने घड्याळ दाखवलं. बाई येऊ दे. दाखवायला शिल्लक ठेव.

तिला पॅनेल-बॅटरीतलं काही कळत नव्हतं, पण डब्यात किती तांदूळ उरलेत ते झाकण न उघडता कळणारी ती बाई होती.

नीला सिस्टर बाराच्या आधीच आल्या. छत्री दाराशी ठेवून त्यांनी हात धुतले, राहीबाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि लगेच म्हणाल्या, "भरलंय सगळं. पाटीलभाऊ, मशीन लावा."

सावळारामने इन्व्हर्टरचं बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. सिस्टरनी नळीत बारीक नळी सरकवली. पाच, सहा, सात... दहा सेकंदही झाले नसतील. इन्व्हर्टर चिरकला, लाल दिवा लागला आणि मशीन बंद पडलं.

"काय झालं?"

"बॅटरी." त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चिरकणं. "दोन तास ऊन हाय. भरायला पायजे होती..."

"पायजे होती ते नंतर." सिस्टरनी पिशवीतून मोठी सिरिंज काढली, पुढे रबरी नळी लावली आणि हातानेच ओढायला सुरुवात केली. जेमतेम थोडासा कफ आला. राहीबाईची मान ताठ झाली. खाटेच्या काठावरची तिची बोटं पांढरी पडली.

सावळाराम जिन्याने वर धावला.

स्लॅबवर लख्ख ऊन होतं. आणि पॅनेलांच्या पुढ्यात, स्टँडच्या लोखंडाला एक टोक आणि टाकीच्या पाइपाला दुसरं टोक बांधून आक्काने दोरी ताणली होती. दोरीवर पांढरी फडकी वाळत होती. राहीबाईच्या गळ्याला लागणारी, पाण्यात उकळलेली, एकाला एक चिकटवून घातलेली. त्यांच्या सावल्या दोन्ही पॅनेलांवर बरोबर मधोमध पडल्या होत्या. सावळारामने मीटर लावला. काटा अर्ध्या अँपिअरलाही पोचेना.

आक्का कोपऱ्यात बसून उरलेली फडकी पिळत होती. बायजाबाई तिचं नाव, पण ते कोणी घेत नसे. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी बहीण, लवकर विधवा झालेली, आईमागे त्याला वाढवलेली.

"आक्का! डोकी फिरली का तुझी? सावली पाडलीस! कल्लं न्हाय तुला?"

आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला होता. आक्काचे हात फडक्यावरच थांबले.

"बाईनीच सांगितला, कडक उनात वालव," ती म्हणाली. "कडक उन आजून कुठं हाय रे, सावल्या? खाली सगली शेडची सावली."

तिचं खरं होतं. त्या घराच्या वाट्याला आलेलं सगळं ऊन या स्लॅबवर होतं. त्याने दोरी सोडली. आक्काने फडकी पदरात गोळा केली. काटा उचलला, सरकत सरकत चारपर्यंत गेला.

खाली येऊन तो म्हणाला, "इन्व्हर्टर परत उचलायला बॅटरीत थोडी शिल्लक लागते. दोन पॅनेलांवर पाऊन तास."

"पाऊण तास नाही जमणार." सिस्टरनी मान वर केली नाही. "सिरिंजवर मी अर्धा तास काढेन. त्याच्या पुढे नाही सांगू शकत. रिक्षा बोलावून ठेवा."

"रिक्षात मशीन कुठलं?"

"म्हणूनच म्हणते, लवकर ठरवा."

तिन्ही पॅनेलं असती तर अर्धा तास. हिशेब त्याच्या डोक्यात आधीच झाला होता. पेटीतून तिसरं घालता येत नव्हतं. फ्यूज उडाला तर आत्ता येतंय तेही जाईल. पण पेटी असते कशाला? भरलेली बॅटरी आणखी भरून उतू जाऊ नये म्हणून, आणि अंधारात प्रवाह उलटा पॅनेलात शिरू नये म्हणून. बॅटरी रिकामी आहे. अंधार नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत पेटीचं काम माणूस करू शकतो. बॅटरीपाशी मीटर घेऊन बसायचं. चौदा व्होल्टच्या वर काटा गेला की तार काढायची. ऊन गेलं की तार काढायची. तेवढंच.

त्याने तिसरं पॅनेल स्लॅबच्या कडेला उन्हात आडवं लावलं, खाली दगड दिले. चांगदेवने टाकून दिलेल्या जोडवायरीची दोन टोकं खिडकीतून आत सोडली. दोन्ही तारा करड्या, एकाच रंगाच्या. मीटरने त्याने अधिक-उणे ओळखलं, अधिकला राहीबाईच्या डबीतलं कुंकवाचं बोट लावलं आणि बॅटरीपाशी बसला. फिरून टोकं उलटी लागली असती, तर नवं पॅनेल तिथेच संपलं असतं.

आणि तिथे त्याचा हात थांबला.

प्रयोगशाळेचा नियम होता: जोडणारा आपली जोडणी आपण तपासत नाही. दुसऱ्याने तारेवरून बोट फिरवायचं, 'ठीक' म्हणायचं, मगच कळ दाबायची. सव्वीस वर्षांत तो नियम मोडून कळ दाबणारे त्याने पाहिले होते, आणि त्यांच्यामागे झाडलोटही केली होती. स्वतः त्याने तो कधी मोडला नव्हता. सिस्टरचे दोन्ही हात गुंतलेले होते. आक्काला बारीकसारीक दिसत नसे.

त्याने खाटेकडे पाहिलं. राहीबाई कुशीवर होती, डोळे मोठे झालेले, पण उघडे. तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये हातभराचं अंतर.

"राही," तो म्हणाला, "लाल बोट लावलेली तार. बॅटरीवर लाल वायसर हाय. लालला लाल. दुसरी दुसऱ्याला. बघ, बरोबर हाय?"

"भाऊ, आत्ता तिला काय विचारता?" सिस्टर म्हणाल्या.

राहीबाईची नजर तारेवरून खाली आली, बॅटरीवर गेली, पुन्हा तारेवर आली. तिने घाई केली नाही. मग पापण्या मिटून उघडल्या.

त्याने तार टेकवली. बारीकशी ठिणगी उडाली. काटा सहा अँपिअरवर जाऊन थांबला.

पुढचा अर्धा तास सिस्टर ओढत होत्या, पुसत होत्या, पुन्हा ओढत होत्या. आक्का पाण्याचं पातेलं भरून आणत होती. राहीबाईचे ओठ एकदा निळसर झाले, तेव्हा सिस्टरनी नळीत दोन थेंब मिठाचं पाणी सोडलं आणि तिला पाठीवर थोपटून बसतं केलं. सावळाराम काट्याकडे बघत राहिला. खाटेकडे बघितलं असतं तर त्याने वेळेआधीच बटण दाबलं असतं, आणि बॅटरी पुन्हा बसली असती. अठ्ठावीस मिनिटं. एकोणतीस. सिस्टर म्हणाल्या, "आता."

मशीन सुरू झालं. दहा सेकंद. वीस. काचेच्या बाटलीत घट्ट पिवळट कफ येऊ लागला. चाळीस. दीड मिनिट. सिस्टरनी हात वर केला, त्याने बटण बंद केलं.

खोलीत शीळ ऐकू आली. आत जाताना, बाहेर येताना. तेवढीच.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. पिशवीतून त्यांनी इस्पितळाचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि खिडकीतून आलेल्या तारेकडे पाहिलं.

"ही तार अशीच ठेवणार?"

"सोमवारी पेटी येते. तवर मी हाय हितं."

"आणि तुमची ड्युटी?"

"रजा टाकतो. शिल्लक हाय."

सिस्टरनी लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं: मशीन चालताना पाहिले, रुग्ण घरी ठेवण्यास हरकत नाही, पुढील शुक्रवारी पुन्हा तपासणी. "पुढच्या शुक्रवारी असं झालं, तर मी ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एक शुक्रवार देतेय." सिरिंज त्यांनी धुऊन उशाशी ठेवली, ती परत नेली नाही.

त्या गेल्यावर आक्काने ताट आणलं. भाकरी, वालाची आमटी. ती सावळारामकडे न बघता ताट जमिनीवर ठेवून उभी राहिली.  

"फडकी कुठं घातलीस?" त्याने विचारलं.

"शेजारच्या लडकूच्या अंगनात. त्याच्याकडं दुपारचा उन येते."

काटा साडेबारा व्होल्टवर होता. एक हात तारेपाशी, एका हातात मीटर. राहीबाईने खाटेवरून हात बाहेर काढला, पाचही बोटं जुळवून स्वतःच्या तोंडापाशी नेली आणि मग त्याच्याकडे केली. जेवलात?

रोज साडेपाचला, तो एसटीतून उतरून पायवाटेला लागला की हा प्रश्न अंगणातून, लूमच्या खटखटीवरून त्याच्यापर्यंत यायचा.

"ऊन उतरू दे," तो म्हणाला. "मग बसतो."

तिने आक्काला ताट झाकायची खूण केली. मग उशी थोडी वर ओढून ती खिडकीकडे वळली, आणि ऊन उतरायची वाट बघत तीही जागी राहिली.