जीवाणीची बादली

आमचे मामंजी, वर्धमान आप्पा, जैन असून कांदा खायचे, दिवस बुडल्यावर जेवायचे आणि मी पर्वाचा उपास धरला की हसायचे. पण एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. सकाळी पाणी गाळून झालं, की फडक्यात अडकलेले जीव, म्हणजे जीवाणी, ते स्वतः अंगणातल्या विहिरीत परत सोडायचे. त्यासाठी तळाला कडी असलेली छोटी बादली होती. वरून ओतायचं नाही. बादली पाण्याला टेकवायची आणि अलगद कलती करायची. वय ब्याऐंशी, दोर हाताला कापायचा, तरी मला शिवू द्यायचे नाहीत.

नवी सून असताना मी कारण विचारलं. भाकरी मोडता मोडता त्यांनी सांगितलं.

"पासष्टच्या लढाईत एका गावात शिरलो. पाणी संपलेलं. विहिरीत डोकावलो तर खालनं कोण तरी बोललं. काय बोललं, कळलं न्हाय. हातगोळा टाकलो. तहान तर लागलेलीच. त्याच पाण्यात बादली सोडलो. आईनं लावलेली सवय, रुमालानं गाळलो. रुमालात एक दाढ आली, नि केसांसकट कातड्याचा तुकडा. ते परत विहिरीत सोडलो नि पाणी प्यालो. गोड होतं गं, राजमती."

परत आल्यावर ते बी.एस्सी. झाले, पाणीपुरवठ्यात केमिस्ट म्हणून लागले. निवृत्त होईपर्यंत गावाच्या पाण्यात क्लोरीन सोडलं. "रोज कोटीनं मारतोय मी," म्हणायचे. "तुझा देव मोजून दमला असंल."

गेल्या माघात, सकाळचीच वेळ. आप्पा बादली खाली सोडत होते. तंबाखूच्या ट्रकनं आमच्या गल्लीतल्या परशरामच्या भाच्याला उडवलं होतं, आणि जमाव ड्रायव्हरच्या मागे लागला होता. तो आमची भिंत ओलांडून आत पडला. नागेंद्र नाव, हे मागाहून कळलं. एक कान फाटून लोंबत होता, तोंडात दातांच्या जागी नुसतं रक्त. मागून काठ्या, सायकलच्या चेनी. त्यानं आप्पांकडे पाहिलं आणि सरळ विहिरीत उडी घेतली.

परशरामनं वीट उचलली. "आप्पा, बाजूला सरा. पोराचा पाय चिरडला ह्यानं!"

"जीव हाय न्हवं पोरात? मग दवाखान्यात जा. हितं काय करतोस?"

"आता दया आठवली व्हय? लढाईत माणसं मारल्यासा, तवा कुठं गेलती?"

"मारलो की. अशाच विहिरीत मारलो, परश्या. ते पाणी अजून घशात हाय."

एवढं बोलून आप्पा कठड्यावर बसले, पाय आत सोडून, विहिरीच्या तोंडावर ओणवे. पहिला दगड खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा पाठीत. मग परशरामची वीट आली. ती विहिरीसाठीच होती. आप्पांनी डोकं पुढे केलं. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. रक्त नाकावरून खाली पाण्यात गळू लागलं. आतून तो ड्रायव्हर कानडीत किंचाळला.

"हेदरब्याड, तम्मा," आप्पा कानडीत म्हणाले. भिऊ नकोस, बाळा.

मी पाणी गाळायचं फडकं, गळणं, हातात धरून उभी. मग मी गेले आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले, तशीच, पाय आत सोडून.

"वैनी, उठा," परशराम म्हणाला. त्याच्या हातात दुसरी वीट होती. मी उठले नाही. आप्पांचं रक्त माझ्या लुगड्यावर पसरत होतं, आणि तो ते पाहत राहिला. पाहता पाहता वीट त्याच्या हातून सुटली, त्याच्याच पायावर पडली. पाय चेपला तरी तो हलला नाही.

काठ्या एकेक करून फाटकाबाहेर गेल्या. दोर ओढायला शेवटी परशरामच पुढं आला. नागेंद्र वर आला तो ती छोटी बादली छातीशी आवळूनच. बुडताना तेवढीच हाताला लागली होती.

आप्पांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एक डोळा रक्तानं मिटलेला. दुसरा बादलीकडे.

"जीवाणी... खाली सुटली न्हवं?"

मी बादलीत पाहिलं. रिकामी होती.

"व्हय, आप्पा. सुटली."

"अलगद?"

"अलगद."