घारोबाचं वजन

साइटवर त्याला सगळे घारोबा म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून तो लोखंडाचे भारेच्या भारे असे अलगद उतरवायचा, की खाली चहा पिणाऱ्याच्या कपात तरंग उठू नये. माणूस लाख होता, फक्त देहानं जरा सढळ. आणि तेच आता अंगाशी आलं होतं. नव्या सुरक्षा अधिकारी बाईंनी सांगूनच टाकलं, "शिडी चढताना बांधायचा पट्टा शंभर किलोपर्यंतचाच आहे. तुम्ही एकशे चार. महिनाअखेर शंभराच्या आत या, नाहीतर गोदामात बसा."

गोदामात! घारोबाचा जीव अर्धा झाला. दुर्दैवानं वजन मात्र होतं तेवढंच राहिलं. वर केबिनमध्ये त्याला ना साहेब, ना मेहुणा. दिवसभर वारा आणि तो. ती केबिन गेली तर आपण कोण, हेच त्याला समजेना.

मग काय, पठ्ठ्या पहाटे पळायला लागला. घामानं निथळत घरी आला की बायको कळवळायची. "अहो, केवढे सुकलात!" म्हणत लोणी थापलेला पाव, अंडी आणि सायीचं दूध पुढ्यात ठेवायची. त्यालाही वाटायचं, एवढं पळतोय, तर एवढं आपल्या हक्काचं आहे. सुट्टीच्या दिवशी पाय दुखतात म्हणून तो सोफ्यावर आडवा व्हायचा, तो थेट जेवायलाच उठायचा.

वजनाचा काटा मात्र ढिम्म. मग तो थोडा वरच सरकला. घारोबानं काटाच बदलून आणला, तर नवा जुन्याच्या वरताण निघाला.

महिना सरत आला आणि एका सकाळी वर केबिनकडे नेणारी लिफ्ट बंद पडली. घारोबानं पट्टा अडकवला आणि क्रेनच्या शिडीला हात घातला. निम्म्यावर येईतो छातीचा भाता झाला. पुढच्या पायरीवर पाय थरथरला, घामेजला हात निसटला आणि तो खाडकन पट्ट्यावर लटकला. क्षणभरच. पण त्या क्षणी पट्ट्याची शिवण करकरलेली त्याला ऐकू आली. कसाबसा पाय टेकवून तो शिडीला बिलगला.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. खालून इशारे देणारा सिग्नलवाला विचारत होता, "घारोबा, थांबलात का?"

"दम खातोय."

"तुम्ही आणि दम? पूर्वी चहाला खाली, जेवायला खाली, दरवेळी शिडीनं धडाधड वर. लिफ्टनं जायला मी काय सिमेंटची गोणी आहे, असं विचारायचात. पळायला लागल्यापासून महिनाभर गोणीच झालायत की! चहासुद्धा दोरीनं वर ओढून घेता."

घारोबाला हसू आलं नाही. पाय दमलेत म्हणून आपण लिफ्ट धरली, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. सकाळी घाम गाळून कमावलेलं तो दिवसभर बसून उधळत होता.

तो जपून खाली उतरला आणि केबिनची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली. "महिनाअखेरची वाट नको. पट्टा काय असतो ते आज कळलं मला. शंभरात आलो की केबिन परत द्याल ना?"

"देईन," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी त्याला बसवलं, पाणी दिलं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, लटकल्याचंही. ती मटकन खाली बसली.

"रागावू नका. मी तुम्हाला मुद्दाम वाढत होते."

"काय?"

"वारा सुटला की माझा जीव टांगणीला लागतो. वर जाऊ नका म्हटलं असतं तर ऐकलं असतंत? म्हटलं, वजनापायी आलात खाली तर बरंच, मला वाईटपणा नको. आणि मी तुम्हाला त्याच पट्ट्यावर जड करत होते हो!" ती हमसून रडू लागली.

घारोबाला राग आला. महिनाभराचं पळणं मातीत गेलं होतं, राग न यायला तो काही संत नव्हता. पण तिला इतकं रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो शेजारी टेकला.

"तू वाढलंस, पण खाल्लं मीच ना? आणि बसून कोण राहिलं?" मग जरा थांबून म्हणाला, "हे बघ, मला परत वर जायचंय. वजन उतरवून जाणार, आणि तुला सांगून."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"जा," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मी येणार साइटवर. तुम्ही केबिनमध्ये पोचेपर्यंत खाली उभी राहणार."